ओतारी सरांची दुरुस्ती

"गेलं का हो हे?" ओतारी सरांनी विचारलं.

"जातंय, सर."

"मग बोलत का नाही?"

मी पडद्याकडे पाहिलं. निळी पट्टी निम्म्यावर आली होती. "चालू आहे, सर. अर्धं गेलंय."

"हे तुम्हाला दिसतंय, अवंतीबाई. तुम्ही पुण्याला गेलात की मला कोण सांगणार, अर्धं गेलं म्हणून?" सर खुर्चीत मागे रेलले. "चार मिनिटं झाली, मी टेबलावर हात ठेवून बसलोय. चालू आहे की बंद पडलं, मला कळायचं कसं?"

प्रश्न रास्त होता. पण त्या वयात मला रास्त प्रश्नांचा जास्तच राग यायचा. सत्तावीस वर्षांची होते, पुण्याच्या कंपनीने तीन आठवड्यांसाठी एकटीला कराडला पाठवलं होतं, आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हाची मी समोर आले तर मी तिच्याशी दोन शब्दसुद्धा बोलणार नाही, इतकी आगाऊ होते.

कराडला एका ट्रस्टचा ब्रेल छापखाना होता. अंध मुलांची शाळेची पुस्तकं तिथे जाड कागदावर ठिपके उठवून तयार व्हायची. ओतारी सर तिथले मुद्रितशोधक. लहानपणीच दृष्टी गेलेली, आणि बावीस वर्षं बोटांनी पानं वाचून चुका काढत आलेले. ठिपका एवढासा इकडचा तिकडे झाला तरी त्यांचं बोट तिथे अडायचं. आतापर्यंत ते चुका तोंडी सांगायचे आणि दुसरं कोणी तरी त्या यंत्रात घालायचं. आता सरांनी स्वतःच संगणकावर दुरुस्त्या करायच्या, असं ठरलं होतं.

मी बसवत होते त्या पद्धतीला इंग्रजीत व्हर्जन कंट्रोल म्हणतात. प्रत्येकाच्या संगणकावर पुस्तकाची स्वतःची प्रत. तिथे दुरुस्त्या करायच्या आणि दिवस संपताना मधल्या संगणकाकडे पाठवून द्यायच्या. कोणी, कधी, काय बदललं ते सगळं तिथे राहतं, जुनं काहीच पुसलं जात नाही. छापखान्याच्या व्यवस्थापक कुमुदताई गुळवणी. त्यांनी त्या मधल्या संगणकाला पहिल्याच दिवशी 'कोठार' असं नाव ठेवून टाकलं. कोठारातून निघेल तेच छापायचं, असा नियम झाला. नेट इतकं मंद की एक प्रकरण कोठारात जायला चार-पाच मिनिटं लागायची, आणि मध्येच बंद केलं तर त्यातलं एक पानसुद्धा तिकडे राहायचं नाही. सगळं, नाहीतर काहीच नाही.

सरांना कळा सापडाव्यात म्हणून कुमुदताईंनी आपल्या पाकिटातल्या टिकल्या काढून कीबोर्डवर चिकटवल्या होत्या. एक टिकली म्हणजे पाठवा. दोन टिकल्या म्हणजे बंद करा.

"अगं अवंती," त्या मला पहिल्या दिवशीच बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "घोरपडे वकिलांनी सगळ्यांसमोर सांगितलंय. महिनाभर बघू, सरांना हे जमलं तर ठीक, नाही तर तपासणीचं काम बाहेर देऊन टाकू. ते ट्रस्टचे अध्यक्ष आहेत, त्यांचा शब्द शेवटचा. आणि चोपन्नाव्या वर्षी ब्रेल तपासणाऱ्याला दुसरीकडे कोण ठेवून घेतं? तेव्हा नीट शिकव हो त्यांना."

मी मान डोलावली होती आणि सरांना नीट शिकवलंही होतं. "सर, एकच लक्षात ठेवा. यंत्र सांगेल तसं करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

"बावीस वर्षं चालवलं," सर हसून म्हणाले होते. "आता तेवढीच विश्रांती."

तर सरांचा तो प्रश्न. चालू आहे की बंद पडलं, कळायचं कसं? यंत्राला मराठी आवाज होता, किरटा आणि सपाट, पण स्वच्छ. पडद्यावर आलेलं तो वाचून दाखवायचा. पट्टी मात्र त्याला वाचता यायची नाही, कारण पट्टीत शब्दच नव्हते. म्हणजे एखादा शब्द घालायचा, की झालं काम. तो सोमवार होता; दुपारचा डबा खाता खाता मी तो घातला. पाठवणं चालू असेतोवर दर अर्ध्या मिनिटाला यंत्र म्हणणार, "थांबा." एकदा चालवून पाहिलं. पट्टी सरकत राहिली, आवाज दर अर्ध्या मिनिटाला बोलत राहिला, प्रकरण कोठारात गेलं. मी डबा धुऊन ठेवला.

"सर, आता यंत्र बोलेल हं मध्ये मध्ये," मी सांगितलं.

"बोलू दे की. सोबत होईल."

मंगळवारी संध्याकाळी मी जिना उतरत होते, तेव्हा सर खाली चपला शोधत होते.

"सर, पाठवताना थांबलात ना?"

"थांबलो की. म्हटल्याबरोबर थांबलो."

"झकास!" मी म्हणाले आणि निघून गेले.

बुधवारी पुन्हा विचारलं. "आजही थांबलात ना, सर?"

"आजही थांबलो. रोजच म्हणतं हो ते."

"म्हणणारच," मी म्हणाले. मनात म्हटलं, बघा, एका शब्दात माणूस खूश. गुरुवारी तर मी विचारलंही नाही.

शुक्रवारी सकाळी दहावीच्या गणिताचं वर्तुळाचं प्रकरण छापून आलं. चाळीस प्रती. कुमुदताई एक प्रत सरांच्या टेबलावर ठेवून चहा सांगायला वळल्या, तेवढ्यात सरांचं बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग पान उलटलं, पुढचं वाचलं.

"कुमुदताई, हे जुनं छापलंय."

"जुनं कसं असेल? कालच कोठारातून काढलंय."

"त्रिज्येच्या जागी व्यास आहे. मंगळवारीच काढला होता मी. इथला वर्गाचा ठिपका गेलाय, तोही घातला होता. माझी एकही दुरुस्ती यात नाही."

कुमुदताई मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, चाळीस झाल्यात!"

मी कोठाराची नोंद उघडली. यंत्र सगळं लिहून ठेवतं, हा माझा मोठा अभिमान. मंगळवार: पाठवायला सुरुवात, एकतीस सेकंदांनी रद्द. बुधवार: एकतीस सेकंदांनी रद्द. गुरुवार: बत्तीस. तिन्ही वेळा दोन टिकल्यांची कळ.

"सरांनीच बंद केलंय," मी कुमुदताईंना हळूच सांगितलं. "तिन्ही दिवस. मी काय करू सांगा!"

"पण का बरं?"

"कंटाळले असतील. काही वापरणारे असतातच असे."

हे वाक्य मी बोलले. आज लिहितानाही कान तापतात. सर दहा पावलांवर बसले होते, आणि का ते त्यांना जाऊन विचारावं हे माझ्या डोक्यात आलं नाही. नोंदीत सगळं होतं ना.

बातमी वकीलसाहेबांपर्यंत जायला तासही लागला नाही. त्यांनी फोनवरून अहवाल मागवला आणि शनिवारी अकराला बैठक ठेवली. अहवाल मी दुपारी लिहिला. एकच पान, तारखा, वेळा, आणि शेवटी दोन वाक्यं: 'वापरणाऱ्याने तिन्ही वेळा काम स्वतःहून रद्द केले. प्रणालीत दोष नाही.' छापून, सही करून, पाकिटात घालून त्यांच्या घरी पाठवून दिलं. काम वेळेत झालं म्हणून वर बरंही वाटलं.

शनिवारी नऊलाच छापखान्यात आले. सरांच्या तिन्ही दिवसांच्या दुरुस्त्या त्यांच्याच संगणकात पडून होत्या. निदान बैठकीआधी त्या कोठारात जाव्यात, एवढाच विचार होता. सर माझ्याही आधी येऊन बसले होते. रोजचा पांढरा शर्ट, पण आज इस्त्रीचा.

"पाठवू या का, सर? मी बसते शेजारी. आज मात्र बंद नका करू."

"ते म्हणालं नाही तर कशाला करेन?"

"कोण म्हणालं नाही तर?"

"यंत्र हो. दुसरं कोण आहे इथं?"

"यंत्र बंद करा म्हणतं?"

"थांबा म्हणतं." सरांचा आवाज शांत होता. "पाठवायला घेतलं की जरा वेळानं म्हणतं, थांबा. म्हटलं, पलीकडं गर्दी असेल. दुसऱ्या कुणाचं काम चालू असेल. आपण मध्ये घुसायला नको. म्हणून थांबवतो. मोकळं झालं की ते आपोआप नेईल, असं वाटलं. तुम्हाला सांगितलं की मी. दोनदा सांगितलं."



"अहो सर," मी कशीबशी म्हणाले, "थांबा म्हणजे... वाट बघा!"

"असं होय." सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "मग वाट बघा म्हणायचं होतं. रस्त्यात पोलीस थांबा म्हणतो तेव्हा तुम्ही काय करता? गाडी चालूच ठेवता?"

"पण टायपिंग करणारी संध्यासुद्धा रोज पाठवते. तिचं कधी..."

"तिला पट्टी दिसते. पट्टी सरकतेय म्हणजे चाललंय, शब्द काहीही म्हणू दे. मला शब्दच आहे तेवढा." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "आणि मी म्हणालो होतो, म्हटल्याबरोबर थांबलो. म्हटल्याबरोबर वाट कोण बघतं, अवंतीबाई? वाट बघायला वेळ लागतो."

मंगळवारी मी ते वाक्य ऐकलं होतं, वर झकास म्हटलं होतं. हा माणूस वाक्यातला एक ठिपका सोडत नाही, आणि मी अख्खं वाक्य सोडलं. 

"काय म्हणायला हवं त्यानं?" मी विचारलं. हे विचारायला मला तीन आठवड्यांतले बारा दिवस लागले.

सरांना विचार करावा लागला नाही. "माणूस सांगेल तसं. आधी सांगावं, एवढी पानं आहेत. मग पाव झाली की सांगावं, निम्मी झाली की सांगावं, पाऊण झाली की सांगावं. दर अर्ध्या मिनिटाला बडबड नको, डोकं उठतं. किती पोचली आणि किती राहिली, एवढंच. आणि शेवटी 'झालं' नको. झालं म्हणजे काय झालं? पोचून झालं की बंद पडून झालं? पोचली म्हणा."

"आणि मध्येच अडलं तर?"

"तर अडलं म्हणावं. माणसानं काय करायचं तेही सांगावं. नुसतं घाबरवून काय उपयोग?"

मी लिहिलं. पाऊण तास लागला. मग सरांनी एक टिकलीची कळ दाबली.

"एकशे बारा पानं आहेत," किरटा आवाज म्हणाला. "पाठवणं सुरू झालं."

सर हात मांडीवर ठेवून बसले. मी पडद्याकडे बघितलं नाही, त्यांच्यासारखीच ऐकत राहिले. मिनिट-दीड मिनिट काहीच नाही.

"अठ्ठावीस पानं पोचली. चौऱ्याऐंशी राहिली."

सरांनी हात लांब करून चहाचा कप उचलला. छप्पन्नला कप निम्मा झाला. चौऱ्याऐंशीला त्यांनी तो खाली ठेवला.

"सगळी पानं कोठारात पोचली."

"आता कसं," सर म्हणाले. "आता चहा तरी निवांत पिता येतो."

अकराला घोरपडे वकील आले. कुमुदताई, सर, मी आणि ते, एवढीच माणसं. वकीलसाहेब वाईट नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी आधी सरांच्या तब्येतीची चौकशी केली. मग पाकिटातून माझं पान काढलं, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले. तारखा वाचल्या, वेळा वाचल्या. "वापरणाऱ्याने तिन्ही वेळा काम स्वतःहून रद्द केले. प्रणालीत दोष नाही."

सरांनी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर होती, तिथेच राहिली.  मला कळलं, ते माझी वाट बघतायत.

"बाई, तुम्हाला यात आणखी काही सांगायचंय?"

"आता जमतंय सरांना," मी म्हणाले. "आज सकाळी सगळं गेलं. एकशे बारा पानं."

हेही खरं होतं. तेवढंच बोलून मी गप्प बसले. शब्द बदलून झाला होता, कुणाला पत्ता नव्हता, कंपनीत कळायचं कारण नव्हतं. सरांनी चेहरा माझ्या बाजूला वळवला, आणि मग पुन्हा समोर केला.

"आज जमलं, आनंद आहे," वकील म्हणाले. "पण उद्याचं काय? जूनमध्ये पुस्तकं मुलांच्या हातात हवीत. पुन्हा चाळीस प्रती वाया गेल्या तर मी ट्रस्टला काय तोंड दाखवू? ओतारी सर, तुमच्यावर राग नाही. मनापासून सांगतो. पण डोळस माणसाला जे एका नजरेत कळतं, त्यासाठी तुम्हाला त्रास देण्यात अर्थ नाही. आपण काम बाहेर देऊ. तुम्ही या महिनाअखेरपर्यंत..."

"बरं," सर म्हणाले.

एवढंच. बावीस वर्षांवर 'बरं'. 

"साहेब, एक मिनिट," मी उठले. "तुम्ही सरांच्या खुर्चीत बसता का? पाचच मिनिटं."

"मी? कशाला?"

"बसा ना. प्रणाली बघून घ्या, तुमच्या ट्रस्टचीच आहे."

कुमुदताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून दिली. मी कोठारातून सोमवारचा जुना शब्द परत आणला. जुनं तिथे असतंच, दोन मिनिटं लागली. सकाळचंच प्रकरण पुन्हा पाठवण्यासाठी तयार ठेवलं आणि पडदा बंद केला.

"अहो, दिसत नाही काही!"

"सरांनाही दिसत नाही, साहेब. हाताला लागतेय ती एक टिकली, ती पाठवायची. या दोन टिकल्या, त्या बंद करायच्या. यंत्र सांगेल तसं करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. मी सरांना एवढंच शिकवलं होतं."

वकीलसाहेबांनी हसत एक टिकली दाबली. शांतता पसरली. ते जरा चुळबुळले, माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत होते.

"थांबा," यंत्र म्हणालं.

वकीलसाहेबांचं बोट दोन टिकल्यांवर गेलं आणि त्यांनी कळ दाबली.

"काम रद्द झाले," यंत्र म्हणालं.

"हं, पुढं काय?" वकीलसाहेब म्हणाले.

पहिल्यांदा कुमुदताईंना हसू फुटलं. "वकीलसाहेब, काम स्वतःहून रद्द केलंत?"

"मी कुठं? तेच म्हणालं की, थांबा म्हणून!"

आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. चष्मा काढून ते काही वेळ तो हातात धरून बसले.

"तो शब्द माझा आहे," मी म्हणाले.  "सरांनी बरोबर ऐकलं आणि सांगितलं तसं केलं. मी त्यांना विचारलंच नाही. नोंद बघितली आणि अहवाल लिहिला. चाळीस प्रती माझ्यामुळे वाया गेल्या. आज सकाळचे शब्द सरांचे आहेत, त्यात काम पोचलं. उद्याही पोचेल."

 वकीलसाहेब खुर्चीतून उठले आणि ती सरांकडे वळवली.

"ओतारी सर, माझं चुकलं. तुमचं काम तुमच्याकडेच राहील. मी असेतोवर हा विषय पुन्हा निघणार नाही." मग त्यांनी माझं पान उचललं. "आणि हे फाडून टाकतो."

"फाडू नका," सर म्हणाले.

"अहो, कशाला ठेवायचं फाईलमध्ये?"

"पुसायचं नाही अशीच पद्धत आहे ना नवी? राहू दे. पण माझ्याबद्दल लिहिलंय, तर मला न तपासता गेलं कसं ते?" सरांनी हात पुढे केला. वकीलसाहेबांनी पान त्यांच्या हातात दिलं. गुळगुळीत कागद, त्यांना वाचता येण्यासारखं त्यावर काही नव्हतं. त्यांनी ते माझ्या दिशेने धरलं. "वाचा, अवंतीबाई. शेवटची दोन वाक्यं."

मी पान घेतलं. "वापरणाऱ्याने तिन्ही वेळा काम स्वतःहून रद्द केले."

"'स्वतःहून' खोडा. 'सांगितल्यावरून' लिहा."

मी पेन काढलं, खोडलं, वर लिहिलं.

"पुढचं?"

"प्रणालीत दोष नाही."

सर जरा थांबले. "ते तुमचं तुम्ही बघा," म्हणाले.

मी 'नाही' खोडलं, 'होता' लिहिलं, दोन्ही वाक्यं पुन्हा मोठ्यानं वाचली आणि खाली सही केली.